मातीच्या घरांचे पुस्तक

मुलांनो, ग्रंथालयात कथा, कविता आणि विज्ञानाच्या कपाटांजवळ नेहमी गर्दी असते. वास्तुकलेच्या कपाटाकडे मात्र कोणी फारसे फिरकत नाही. ही पुस्तके इंजिनिअर लोकांसाठी असतात, त्यांत नकाशे आणि आकडेच भरलेले असतात, असे आपल्याला वाटते. पुष्कळ पुस्तके तशी असतातही. पण घर, गल्ली, बाजार, शाळा, विहीर, पूल हे सारे माणसाने बांधलेले जग आहे. ते कोणी बांधले, कशाने बांधले, कोणाच्या सोयीसाठी बांधले आणि ते बांधताना कोणाला विचारायचे राहून गेले, हे सांगणारी पुस्तकेही त्याच कपाटात असतात. अशाच एका पुस्तकाची ओळख आपण या पाठात करून घेणार आहोत.

हे पुस्तक इजिप्त देशातले आहे. ते हसन फतही या वास्तुशिल्पज्ञांनी लिहिले. १९६९ मध्ये ते कैरो येथे प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचे नाव होते 'गुर्ना : दोन गावांची कथा'. १९७३ मध्ये अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाने ते पुन्हा छापले आणि त्याला नवे नाव मिळाले, 'गरिबांसाठी वास्तुकला'. याच नावाने ते जगभर पोहोचले. वास्तुशिल्पज्ञ पुस्तक लिहितात तेव्हा बहुधा आपल्या यशाबद्दल लिहितात. सुंदर छायाचित्रे देतात, आराखडे देतात. फतही यांनी मात्र एका फसलेल्या गावाबद्दल लिहिले. ते गाव त्यांनी स्वतःच वसवले होते.

हे पुस्तक नीट समजण्यासाठी आधी दुसऱ्या एका पुस्तकाकडे पाहावे लागेल. १९२३ मध्ये फ्रान्समध्ये ल कॉर्ब्युझिए या वास्तुशिल्पज्ञांचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. आधुनिक वास्तुकलेवरील सर्वांत गाजलेल्या पुस्तकांत त्याची गणना होते. त्यात इमारतींच्या चित्रांबरोबर आगबोटी, मोटारी आणि विमाने यांचीही चित्रे होती. मोटार जशी नेमकी आणि नेटकी असते, तसे घरही असावे, त्यावर उगीच नक्षीकाम नको, असे त्यांचे म्हणणे होते. लोखंड, काच आणि काँक्रीट ही नव्या युगाची सामग्री आहे, तिच्यातून नवी घरे आणि नवी शहरे उभी राहिली पाहिजेत, असे ते सांगत. आपल्या देशातील चंदीगड शहराचा आराखडा पुढे १९५१ मध्ये त्यांनीच केला. त्यांच्या विचारात चांगले पुष्कळ होते. अंधाऱ्या, कोंदट घरांत राहणाऱ्या लोकांना ऊन, वारा आणि उजेड मिळावा, ही त्यांची तळमळ खरी होती. पण त्यांचे नाव घेऊन जगभर ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांपैकी कितीतरी नुसत्या काँक्रीटच्या पेट्या होत्या. थंड देशातही तीच पेटी आणि वाळवंटातही तीच पेटी.

हे पुस्तक निघाले तेव्हा हसन फतही तेवीस वर्षांचे होते. त्यांचा जन्म १९०० मध्ये इजिप्तमधील अलेक्झांड्रिया या बंदरात एका सधन घराण्यात झाला. वडिलांची शेती होती, पण वडील शेतावर जात नसत. आईला खेड्याची फार ओढ होती आणि ती मुलांना खेड्यातल्या गोष्टी सांगे. त्यामुळे फतही यांच्या मनात खेड्याचे एक रम्य चित्र तयार झाले होते. प्रत्यक्ष खेडे त्यांनी पाहिले ते शिक्षण पूर्ण झाल्यावर, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. मनातले ते चित्र एका दिवसात पुसले गेले. शेतमजुरांच्या झोपड्या बुटक्या, अंधाऱ्या आणि घाण होत्या. जमिनीचा मालक आपल्याच घरचा आहे, ही गोष्ट त्यांना फार लागली.

आता प्रश्न असा होता की, या लोकांना चांगली घरे कशी मिळावीत? शहरातील इंजिनिअरांचे उत्तर ठरलेले होते. सिमेंट वापरा, लोखंड वापरा. पण सिमेंट आणि लोखंड बाजारात रोख पैसे मोजून घ्यावे लागते. इजिप्तमधल्या फल्लाहकडे, म्हणजे शेतकऱ्याकडे, रोख पैसा नव्हता. त्याच्याकडे काय होते? पायाखालची माती होती आणि स्वतःचे दोन हात होते. नाईल नदीकाठची माती विटांसाठी उत्तम. ती कालवायची, साच्यात घालायची, उन्हात वाळवायची, की कच्ची वीट तयार. भट्टी नको, जळण नको. अरबी भाषेत या विटेला 'तूब' म्हणतात. हाच शब्द स्पेनमध्ये जाऊन 'अदोबे' झाला आणि पुढे अमेरिकेत पोहोचला. माणसांबरोबर विटांची नावेही असा लांबचा प्रवास करतात.

भिंतींचा प्रश्न मातीने सुटला. छताचा सुटला नाही. सपाट छताला आडवी तुळई लागते आणि तुळईसाठी लाकूड लागते. इजिप्तमध्ये जंगल नाही. चांगले लाकूड परदेशातून येते आणि महाग पडते. म्हणून गरीब माणूस मक्याची ताटे किंवा बोरू पसरून त्यावर माती थापत असे. असे छत खाली लोंबू लागते आणि त्यात उंदीर-किडे राहतात. गरिबाचे घर चांगले होत नव्हते, त्याचे एक मोठे कारण हे छत होते.

१९४१ मध्ये दुसरे महायुद्ध चालू होते. लाकूड आणि लोखंड मिळेनासे झाले होते. त्या काळात कैरोजवळील बहतीम या ठिकाणी एका शेतावर काही घरे बांधण्याचे काम फतही यांच्याकडे होते. त्यांनी ठरवले की छतही मातीच्या विटांचेच करायचे. तुम्ही कमान पाहिली आहे. तिला उर्दूत मेहराब म्हणतात. अशा कमानी एकीला लागून एक रचत गेले की अर्ध्या पिंपासारखे लांबट छत तयार होते. पण कमान बांधताना एक अडचण येते. मधली शेवटची वीट बसेपर्यंत ती स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. म्हणून गवंडी खाली लाकडाचा आधार देतो. त्याला आपल्याकडे सेंटरिंग म्हणतात. म्हणजे लाकूड वाचवण्यासाठी कमान बांधायची आणि कमान बांधण्यासाठी पुन्हा लाकूडच लागायचे! फतही यांनी आधाराशिवाय छत बांधून पाहिले. ते पडले. पुन्हा बांधले. पुन्हा पडले.

त्यांचे भाऊ आस्वान धरणावर इंजिनिअर होते. त्यांनी सांगितले की, दक्षिणेकडे न्युबियातील लोक असली छते कोणताही आधार न देता बांधतात. फतही आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आस्वानला गेले. शहरात त्यांना काहीच दिसले नाही. तिथली घरे इतर कुठल्याही गावासारखीच होती. पण नदी ओलांडून घर्ब आस्वान या गावात पाऊल टाकताच त्यांना हवे होते ते सारे समोर दिसले. उंच, स्वच्छ, पांढरी घरे, रंगवलेल्या भिंती आणि प्रत्येक घरावर मातीच्या विटांचे कमानदार छत. विद्यापीठात ज्याचे नावही कोणी काढले नव्हते, ती विद्या इथे साधे गवंडी रोज वापरत होते. फतही यांनी त्या गवंड्यांना शोधून काढले आणि आपल्या कामावर बोलावले.

ते गवंडी काम कसे करत, हे फतही यांनी पुस्तकात बारकाईने लिहिले आहे. माझ्या मते संपूर्ण पुस्तकातला हा सर्वांत वाचनीय भाग आहे. आधी खोलीच्या तीन भिंती उभ्या करायच्या : दोन बाजूंच्या बेताच्या उंचीच्या आणि मागची अधिक उंच. मागच्या भिंतीवर गवंडी ओल्या मातीने कमानीची रेषा काढतो. हातात पट्टी नाही, दोरी नाही, सारे नजरेच्या अंदाजाने. मग कमानीची पहिली ओळ तो मागच्या भिंतीला टेकवून रचतो. इथेच खरी युक्ती आहे. ही ओळ सरळ उभी नसते, ती भिंतीकडे थोडी कललेली असते. तुम्ही एखादे पुस्तक भिंतीला तिरपे टेकवून ठेवा, त्याला टेकवून दुसरे ठेवा, मग तिसरे. कुठलेच पुस्तक पडत नाही. त्याचप्रमाणे विटांची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर रेलून बसते.

पण ओल्या मातीवर तिरपी ठेवलेली वीट घसरत कशी नाही? याचेही उत्तर गवंड्यांकडे होते. छताच्या विटा ते वेगळ्या बनवत. त्या पातळ असत, सुमारे २५ सेंटिमीटर लांब, १५ सेंटिमीटर रुंद आणि फक्त ५ सेंटिमीटर जाड. त्यांत भुसा जास्त घालत, म्हणजे वीट हलकी होई. आणि वीट ओली असतानाच तिच्या एका अंगावर बोटांनी दोन तिरप्या खाचा ओढून ठेवत. या खाचांमुळे वीट ओल्या मातीला घट्ट चिकटते. बोटांच्या त्या दोन रेघांवर सारे छत उभे राहत होते, असे म्हटले तरी चालेल. तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब खोलीवर असे छत घालायला दोन गवंड्यांना दीड दिवस लागला. आठवडे घालवून फतही यांना जे जमले नव्हते, ते त्या दोघांनी दीड दिवसात केले.

कमानीचा आकारही महत्त्वाचा आहे. ती अर्धवर्तुळासारखी नसते, थोडी निमुळती असते. एक साखळी दोन्ही टोकांना धरून सैल सोडा. मध्ये जी झोळ पडते, ती डोळ्यांसमोर उलटी करून पाहा. छताचा आकार जवळजवळ तसाच असतो. गणितात अशा आकाराला कॅटेनरी म्हणतात. मातीच्या विटेवर दाब पडला तर ती तो सहज सोसते, पण तिला ताणले किंवा वाकवले तर ती तुटते. या आकारात सगळे वजन दाबाच्याच रूपाने खाली भिंतींत उतरते, ताण कुठेच पडत नाही. कॅटेनरी हा शब्द त्या गवंड्यांनी कधी ऐकलाही नसेल.

ही युक्ती किती जुनी आहे? लक्सर शहरासमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, फरो दुसरा रामसेस याचे एक मोठे देऊळ आहे. त्या देवळाच्या मागे धान्याची कोठारे आहेत. त्यांची छते मातीच्या कच्च्या विटांची आणि याच पद्धतीने रचलेली आहेत. त्यांना सव्वातीन हजार वर्षे झाली. काही भाग पडला आहे, पण बाकीचा अजून उभा आहे. माती टिकत नाही असे कोणी म्हणाले की फतही या कोठारांकडे बोट दाखवत.

याच कोठारांच्या जवळ, डोंगराच्या उतारावर गुर्ना हे गाव होते. आपल्या पुस्तकाची मुख्य कथा इथे सुरू होते.

गुर्ना गाव साधे नव्हते. ते प्राचीन इजिप्तमधील सरदारांच्या थडग्यांवर वसलेले होते. घराच्या मागच्या खोलीतून खाली उतरले की थडगे, अशी तिथली परिस्थिती. पाच वस्त्यांत मिळून सुमारे सात हजार लोक राहत होते. शेती थोड्यांचीच होती. बाकीचे लोक प्रवाशांना थडगी दाखवत, जुन्या मूर्तींच्या नकला करून विकत, पुरातत्त्वाच्या खोदकामावर मजुरी करत, आणि काही जण थडग्यांतल्या खऱ्या वस्तूही चोरून विकत. एकदा तर एका थडग्यातील प्रसिद्ध कोरीव शिल्पच खडकातून कापून चोरीस गेले. सरकारवर टीका झाली. तेव्हा पुराणवस्तू खात्याने ठरवले की, संपूर्ण गावच उठवून खाली सपाटीवर न्यायचे. १९४५ मध्ये नव्या गावाचे काम हसन फतही यांच्याकडे आले. पन्नास एकर जागा मिळाली आणि तीन वर्षांची मुदत.

फतही यांनी या कामात जीव ओतला. सरकारी वसाहतीत एकाच नकाशाची शेकडो घरे रांगेत उभी करतात, तसे त्यांना करायचे नव्हते. प्रत्येक कुटुंब वेगळे, तर प्रत्येक घरही वेगळे असावे, असा त्यांचा आग्रह होता. नात्यातील घरे एकमेकांजवळ असावीत, मधे त्यांचा सामाईक चौक असावा, गल्ल्या अरुंद आणि वळणाच्या असाव्यात, म्हणजे सावली राहील आणि परका माणूस उगाच आत शिरणार नाही, असे त्यांनी आखले. मशीद, बाजार, मुलांची आणि मुलींची वेगळी शाळा, नाट्यगृह, कारागिरांना वस्तू विकता याव्यात म्हणून जागा, हे सारे आराखड्यात होते. तिकडे मुले कालव्यात पोहत आणि त्यातून त्यांना बिल्हार्झिया हा रोग होई. त्यासाठी फतही यांनी मुलांना पोहण्यासाठी स्वच्छ पाण्याचा एक तलावही आखला. घराचा नकाशा काढताना रोगाचाही विचार करणारा वास्तुशिल्पज्ञ विरळाच.

उन्हाचा विचार तर होताच. त्या भागात उन्हाळ्यात अंगाची लाही होते. जाड मातीची भिंत दिवसा सूर्याची उष्णता हळूहळू शोषते आणि ती आत पोहोचेपर्यंत रात्र होते. शाळेसाठी फतही यांनी जुन्या कैरोतील एक युक्ती वापरली. छतावर वाऱ्याच्या दिशेला तोंड असलेला एक उंच झरोका ठेवायचा. वरचा गार वारा त्यातून खाली वर्गात उतरतो. याला अरबीत मलकफ म्हणतात. इराणात असाच प्रकार असतो, त्याचे नाव बादगीर. फतही यांनी त्या झरोक्यात ओल्या कोळशाचे थर ठेवले. वारा त्यांतून गाळून येई आणि वर्गातील तापमान सुमारे १० अंश सेल्सियसने उतरे. या शाळेत ना पंखा होता, ना वीज.

पुढे १९६४ मध्ये कैरो येथे एक प्रयोग झाला. मातीच्या विटांची एक खोली आणि काँक्रीटच्या तयार तक्त्यांची एक खोली शेजारी शेजारी बांधली आणि दिवसभर दोन्हींतले तापमान मोजले. मातीच्या खोलीत ते २१ ते २३ अंशांच्या दरम्यान राहिले. काँक्रीटची खोली दुपारी ३६ अंशांपर्यंत तापली. बाहेरच्या हवेपेक्षाही ती जास्त गरम होती.

इतके सगळे असूनही नवे गुर्ना वसले नाही. तीन हंगाम काम चालले आणि १९४८ मध्ये ते थांबले, तेव्हा ठरलेल्या गावाचा थोडाच भाग उभा राहिला होता. लोक तिथे राहायला आले नाहीत. असे का झाले? पुस्तकाचा मोठा भाग या प्रश्नातच खर्च झाला आहे. सरकारी कचेऱ्यांतील दिरंगाई, वेळेवर न मिळणारे पैसे, साध्या भुशासाठी महिनोन्‌महिने चाललेला पत्रव्यवहार, मातीच्या घरांची टिंगल करणारे अधिकारी, सिमेंट विकून पैसे कमावणारे ठेकेदार या सर्वांचे वर्णन फतही यांनी केले आहे. ते वाचताना हसूही येते आणि चीडही येते. आणि गावकरी? त्यांनी विरोध लपवला नाही. त्या काळी नाईलला दरवर्षी पूर येई आणि शेतांत पाणी सोडले जाई. नव्या गावाच्या जागेभोवती पाणी अडवणारा बांध होता. गावकऱ्यांनी तो फोडून नव्या घरांत पाणी घुसवण्याचा प्रयत्न केला, असे फतही यांनी लिहिले आहे. मातीच्या घरांना पुराच्या पाण्याइतका मोठा शत्रू नाही, हे गावकऱ्यांना चांगले ठाऊक होते.

इथे आपण थोडे थांबून गावकऱ्यांच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. त्यांचे पोट डोंगरावर होते. प्रवासी तिथे येत, थडगी तिथे होती. खाली सपाटीवर नवे घर मिळणार होते, पण धंदा वरच राहणार होता. फतही यांनी त्यांच्यासाठी विणकाम आणि कुंभारकाम यांसारखे उद्योग सुचवले होते, परंतु सुचवलेल्या उद्योगावर कोणी घर सोडत नाही. शिवाय घुमटांबद्दल एक अडचण होती. इजिप्तच्या त्या भागात घुमट असतो तो वली-संतांच्या कबरीवर. राहत्या घरावर घुमट पाहून लोकांना बरे वाटले नसेल, असे पुढे पुष्कळ अभ्यासकांनी म्हटले आहे. गावातील बायकांशी तर फतही यांचे बोलणे होऊच शकले नाही. घरात सर्वांत जास्त वेळ वावरणाऱ्या माणसांनाच घर कसे हवे हे विचारता आले नाही, ही उणीव फतही यांनी स्वतः नोंदवली आहे. तरीही मला वाटते की, या पुस्तकात अधिकाऱ्यांचा आवाज फार ऐकू येतो आणि गावकऱ्यांचा फार थोडा. लेखक गावकऱ्यांवर प्रेम करतो, पण त्यांच्यावर रागावलेलाही आहे. तो राग कथेच्या आड येतो.

गाव उठवून दुसरीकडे वसवणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील लोकांना निराळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. किल्लारीसह पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या भूकंपाचा आणखी एक धडा या पाठाशी जोडलेला आहे. तिथल्या माळवदाच्या घरांच्या भिंती जाडजूड दगडांच्या होत्या आणि ते दगड नुसत्या चिखलात रचलेले होते. वर लाकडी छतावर मातीचे जड थर होते. धक्का बसताच दगड सुटले आणि ते सारे वजन झोपलेल्या माणसांवर कोसळले. तेव्हा मातीचे घर म्हटले की ते चांगलेच, असे समजू नये. जिथे भूकंप होतो तिथे मातीच्या घराला वेगळी बांधणी लागते. पावसाचेही तसेच आहे. गुर्ना येथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. तिथले उघडे मातीचे छत कोकणात बांधले तर एका पावसाळ्यात त्याचा चिखल होईल. कुठल्याही गावची घरे उचलून दुसऱ्या गावी नेऊ नयेत, हे फतही यांचेच म्हणणे होते. काँक्रीटच्या पेटीविरुद्ध त्यांची तक्रार तरी दुसरी काय होती?

नवे गुर्ना फसले म्हणून फतही यांची बरीच हेटाळणी झाली. १९५७ मध्ये ते देश सोडून ग्रीसला गेले आणि काही वर्षांनी परत आले. १९६७ मध्ये वाळवंटातील बारीस येथे त्यांनी दुसरे गाव बांधायला घेतले, पण त्याच वर्षी युद्ध सुरू झाले आणि तेही काम अर्धवट राहिले. त्यानंतर दोन वर्षांनी हे पुस्तक निघाले आणि मग गोष्ट उलटी फिरली. जे गाव पाहायला कोणी जात नव्हते, त्या गावाबद्दल लोक वाचू लागले. महाग सिमेंट आणि महाग तेल यांनी त्रासलेल्या अनेक देशांत तरुण वास्तुशिल्पज्ञांनी हे पुस्तक उचलून धरले. १९८० मध्ये फतही यांना आगा खान पुरस्कार समितीचा खास सन्मान मिळाला. त्याच वर्षी स्वीडनमध्ये दिला जाणारा राइट लाइव्हलीहुड पुरस्कारही मिळाला. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. १९८९ मध्ये कैरो येथे त्यांचे निधन झाले.

पुस्तकाबरोबर ती गवंड्यांची विद्याही निघाली. १९८०च्या सुमारास अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात फतही यांनी एक मशीद बांधली, तेव्हा कमानी रचायला त्यांनी न्युबी गवंडीच नेले होते. आपल्या देशात पुदुच्चेरीजवळील ऑरोव्हिल येथे मातीच्या विटांची अशी छते बांधायला शिकवतात. केरळात लॉरी बेकर यांनी स्वस्त घरे बांधली आणि मातीवर एक छोटी पुस्तिकाही लिहिली. तिच्यातील चित्रे त्यांनी स्वतःच काढली आहेत आणि भाषा इतकी सोपी आहे की गवंड्यालाही ती वाचता यावी. आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशात झाडे तोडली गेल्यामुळे छताला लाकूड उरले नव्हते. तिथे २००० पासून शेतकऱ्यांना न्युबी पद्धतीने छत बांधायचे शिक्षण दिले जाते. शेतीची कामे संपली की कोरड्या हंगामात हे शेतकरी गवंडी होतात.

आणि ती दोन गावे? थडग्यांवरचे जुने गुर्ना २००६ नंतर सरकारने पाडले. तिथल्या कुटुंबांना उत्तरेकडील एका नव्या वसाहतीत पाठवण्यात आले. नव्या गुर्ना गावात मात्र हळूहळू लोक राहायला आले होते. कुटुंबे वाढली तसे त्यांनी कितीतरी घरे पाडून जागी काँक्रीटचे मजले चढवले. १९७० मध्ये आस्वानचे मोठे धरण पूर्ण झाले. त्यानंतर नाईलचा पूर थांबला, पण जमिनीतले पाणी वर चढले आणि त्यातला खार मातीच्या भिंती खाऊ लागला. २०१० मध्ये जगातील धोक्यात आलेल्या वास्तूंच्या यादीत या गावाचे नाव घालण्यात आले. पुढे युनेस्को आणि इजिप्त सरकार यांनी तिथल्या काही सार्वजनिक इमारतींची दुरुस्ती केली. फतही यांनी बांधलेली मशीद उभी आहे. तिच्या आत मातीच्या घुमटाखाली भर दुपारीही गारवा असतो.